चुकणारी बाई हवी

"फाल्श? झेअर गूट!" असं म्हणत ते खिशातून खडू काढायचे आणि मी जिथे चुकले असेन तिथल्या झाडावर रेघ ओढायचे. म्हणजे, 'चुकलात? फार छान!' बाई चुकल्यावर इतका खूश होणारा पुरुष मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही पाहिला असेल तर सांगा.

परदेशात, डार्मश्टाट शहराच्या पुढे, रान सुरू होतं तिथे माझा मुलगा राहायचा. मी दर उन्हाळ्यात तीन महिने जायची. पहिल्याच वर्षी एकटी फिरायला गेले आणि हरवले. झाडांवर पांढरे त्रिकोण रंगवलेले होते, पण ते कशासाठी, हे मला काय ठाऊक? तेवढ्यात मागून हे खडूवाले आले. सत्तरीच्या पुढचे, उंच, गुडघ्यापर्यंत मोजे, हातात रंगाचा डबा. त्यांनी मला घरी पोचवलं आणि दारातच सुनेला काहीतरी विचारलं. सून हसत सुटली.

"आई, ते विचारतायत, उद्या पुन्हा हरवायला याल का?"

ते त्रिकोण ज्या वाटेच्या खुणा होते, ती वाट साधीसुधी नव्हती. लोक पाठीवर बोजा घेऊन आठ-आठ, दहा-दहा दिवस तिच्यावरून चालतात. तिचे तुकडे करून एकेकाला सांभाळायला दिलेले. पगार नाही, कुणी चहाही विचारत नाही. यांच्याकडे दोन गावांमधला तुकडा होता. फांद्या छाटायच्या, शेवाळ घासायचं, त्रिकोण नव्याने रंगवायचे. अडचण एकच. वाट त्यांना इतकी पाठ, की परका माणूस कुठे चुकेल ते त्यांना कळेना. मी चौथी शिकलेली, तिथली पाटी वाचता येत नाही, रान अनोळखी. त्यांना घबाडच सापडलं.

मग मी पुढे आणि ते वीस पावलं मागे, तोंड मिटून. मी चुकले की तिथे खडू, मागाहून नवा त्रिकोण. मी त्यांना 'अहो' म्हणायची. नवऱ्यानंतर 'अहो' म्हटलेला हाच एक.

दुसऱ्या वर्षी गेले तर ते गप्पगप्प. सुनेने विचारून घेतलं. ओढ्यापाशी फाटा होता. तिथे लोक चुकून खाली जायचे आणि एका माणसाच्या रानातली नवी रोपं तुडवायचे. ते रान त्याच्या मालकीचं. तो म्हणाला, पुरे झालं, तुमची वाट डांबरी रस्त्याने न्या. ओढ्याकाठचा तो भाग यांनी तीस वर्षं जपलेला. माणसाला अन्न गोड लागेना.

मी तिथे चालून पाहिलं. चुकलेच.

"फाल्श," ते म्हणाले. 'झेअर गूट' काही आलं नाही. समोरच्या झाडावर तीन त्रिकोण होते, त्यांच्याकडे बोट दाखवत राहिले.

"अहो, उतार आहे, ओली पानं आहेत," मी मराठीतच म्हटलं आणि हाताने दाखवलं. "माणूस पाय बघेल की झाड?"

ते माझ्या बुटांकडे बघत राहिले. "गेनाऊ," म्हणाले, अगदी बरोबर. दोन दिवसांत तिथे गुडघ्याएवढा खांब उभा राहिला, त्यावर त्रिकोण.

मालक कुत्रा घेऊन बघायला आला. मी पुढे झाले आणि बरोबर वळले. त्याने मान डोलावली. काम झालं होतं. तर हे मधेच बोलले.

"आई," दुभाषी म्हणून आलेली सून हळूच म्हणाली, "ते सांगतायत, ह्या बाईंना वाट माहीत आहे, त्यांचं चालणं धरू नका."

"गप्प बसता येत नाही का ह्यांना?" मी चिडले. सुनेने विचारल्यावर ते शांतपणे म्हणाले, "नाइन." नाही म्हणजे नाही.

आता नवा माणूस कुठून आणायचा? सुनेची आई आठवड्यापूर्वीच नाशिकहून आली होती. आल्या आल्या मला म्हणाली होती, "विहीणबाई, या वयात परपुरुषाबरोबर रानात?" मी म्हटलं होतं, "परपुरुष वीस पावलं मागे असतो." सुनेने तिलाच घरून आणलं, 'त्रिकोण बघत चाल' एवढंच सांगितलं.

विहीणबाई पुढे, आम्ही सगळे मागे. त्या मागे न बघता बोलत होत्या. "तुम्हाला म्हणून सांगते, आमच्या मुलीच्या हातची आमटी पूर्वी अशी पाणचट नव्हती हो. सासरी आल्यावरच झाली." उतार आला तशी त्यांनी साडी वर धरली, खाली पाहिलं आणि खांबापाशी वळल्या. आमटी चालूच होती.

मालक मोठ्याने हसला. "जा, इथूनच जा," म्हणाला आणि यांच्या हातात हात दिला. यांनी खडू काढलाच होता, तो परत खिशात ठेवला.

तिसऱ्या वर्षी त्यांनी सुनेकरवी सांगितलं, आता तुम्हाला वाट पाठ झाली, तुमचा उपयोग नाही. खरं होतं. मग मी रंगाचा डबा धरायची.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. सुनेने फोनवर सांगितलं. मी रडले बिडले नाही. हात चालत होते तोवर त्यांनी काम केलं. याहून काय हवं?

त्यानंतर गेले तेव्हा खांब जागेवर होता, रोपं कमरेएवढी झाली होती. ओढ्याच्या पुढे मात्र वादळात झाडं पडून वाटेचं वळण बदललेलं. मी सरळ मक्याच्या शेतात शिरले. रंगाचा डबा घेऊन वाटेचा नवा राखणदार, एक टकला गृहस्थ, धावत आला, लालेलाल होऊन. "एन्टशुल्डिगुंग, एन्टशुल्डिगुंग," सारखी माफी.

"माफी कसली मागताय?" मी म्हटलं. "खडू काढा."