टॉवेलमधली ओटी

न्हावऱ्याच्या यात्रेत कुस्त्या चालल्या होत्या. पुरुषांच्या गर्दीत पन्नाशीची एक अनोळखी बाई आखाड्याच्या अगदी कडेला, माझ्या शेजारी बसली होती. "मावशी, बायकांची जागा तिकडं मंडपात हाय," असं कुणीतरी सांगितलं, तर म्हणाली, "मला हितनं नीट दिसतंय." प्रत्येक डावाला तिचा खांदा आपोआप वळायचा आणि पदराचं टोक ती दातांत घट्ट धरायची.

जिंकणाऱ्या पैलवानांना फेटे बांधत होते. मग यवतच्या एका मुलीने समोरचीला चितपट केलं, आणि माईकवरच्या माणसाला एकदम संस्कृती आठवली. फेटा राहिला ताटात. खण-नारळ घेऊन सरपंचबाईंना बोलावलं. मातीने माखलेल्या त्या पोरीला पदर कुठला? म्हणून तिला टॉवेल पसरायला लावला आणि त्यात तिची ओटी भरली! वर टाळ्या. माझं तर डोकंच फिरलं.

ती बाई उठली. चपला काढून थेट आखाड्यात शिरली, ताटातला फेटा उचलून तिने मुलीच्या डोक्याला गुंडाळला आणि पंचांवर ओरडली, "पोरगी कुस्ती जिंकलीया, माहेरपणाला न्हाई आली!"

ती परत येऊन बसली तेव्हा मी विचारलं, "तुमची मुलगी का?"

"न्हाई वो. शाळंत आम्ही कबड्डी जिंकून आलो, तवा माझी बी अशीच वटी भरली व्हती." हाताची माती तिने पुसली नाही. "आन् त्याच उन्हाळ्यात लगीन लावून टाकलं."