अनुसयाबाईंचं लंगडणं

बालाघाटात अकरा पोरी मन लावून लंगडायला शिकतात, आणि नीट लंगडल्या नाहीत तर अनुसयाबाईंची बोलणी खातात. ऐकणाऱ्याला राग येईल, पण हे खूळ मुळात वसंता मेश्राम सरांचं.

अनुसयाबाई लहानपणी मोहाच्या झाडावरून पडल्या, तेव्हापासून उजवा गुडघा अधू. पुढे त्या उकव्याच्या खाणीत मँगनीज निवडायला जात. मोठ्या शहरात नाच शिकून आलेले सर तिथं खाणीतल्या बायांचा नाच बसवायला आले. घुंगरू नाही, गाणं नाही, नुसता घमेल्यांचा आवाज. बाई मागं लपल्या. "मी नाही सर, लोकं हासतीन."

"तुमी समोर या," सर म्हणाले. "साऱ्याजणी तुमच्यावानी चालतीन."

दोन आखूड पावलं, एक थांबा, मग लांब पाऊल. गावानं आधी नाकं मुरडली. पण भोपाळला कार्यक्रम झाला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि त्या दिवसापासून बाईंनी पाय लपवला नाही.

दोन वर्षांपूर्वी सर वारले. नाच कुठं लिहिलेला नाही, उरला तो बाईंच्या पायात. तोही असा दुखायचा, की पायरी चढताना डोळ्यांत पाणी यायचं.

"माय, ऑपरेशन करून घे. काहून दुखणं सांभाळून राह्यली?" मुलगा हेमराज विचारी.

"पाय सरळ झाला तं सरांचा नाच जाईन, बाप्पा."

शेवटी हेमराजनं नागपूरला नेलंच. तीन महिन्यांनी बाई, पोरींना शिकवत त्या समाजमंदिरात, ताठ चालत आल्या, तेव्हा पोरींनी टाळ्या वाजवल्या. घमेली वाजू लागली. बाईंनी पाऊल टाकलं, पण थांबा येईना. पुन्हा टाकलं, तरी पाय शहाण्यासारखा सरळच जाई. त्या मटकन खाली बसल्या.

"गेलं," त्या म्हणाल्या. "सरांचं सारं गेलं."

सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेली श्रुतिका पुढं आली. तिनं त्यांचा कोपर धरला.

"काकू, उठा ना. उजवा पाय टेकायच्या पहले रुका जराशा. अजून. घाई नका करू."

तिनं चालून दाखवलं. मागून दहाजणी तशाच चालल्या, एकाच वेळी थांबत. अनुसयाबाई त्या पावलांकडे बघत राहिल्या.

"हौ," त्या म्हणाल्या, "अशीच चालत होती मी."