गोठ्याचा नंबर

"अरे, हा तर आमच्या म्हशीच्या गोठ्याचा नंबर," शेट म्हणला, आन चावडीतली समदी माणसं हसायला लागली.

मी मुन्शीच्या मेजापुढं उभा होतो. धुतलेलं धोतर नेसून मत द्यायला गेलतो. मुन्शीनं इचारलं, "मकान नंबर?" मला वाचता येत न्हाई. घराच्या भिताडावरचा आकडा ध्येनात धरला होता, तो खालच्या धुळीत बोटानं काढून दाखवला. तर शेट असं म्हणला. शेटचा धाकटा पोरगा मागं उभा होता, माज्याच वयाचा. त्यो म्हणला, "आदी म्हशीला इचारून ये. ती हो म्हणली तर दे मत."

निजामाचं राज्य. पाथरीला बलदियाची निवडणूक लागली होती. गावात हीर कुठं खांदायची, दिवा कुठं लावायचा, ते बलदिया ठरवती. आमच्या वस्तीला हीर न्हाई. बाया गावच्या हिरीपाशी घागर घेऊन ताटकळत बसतात, कुणाला दया आली तर वरून पाणी वततं. निवडणुकीला उभा ऱ्हायलेला एक वकील वस्तीला हीर देतो म्हणला होता. त्याला मत द्यायचं होतं मला.

पर कायदा असा, की ज्याच्या घराला बलदियाचा नंबर त्यालाच मत, आन एका नंबरावर एकच मत.

निवडणुकीच्या आदी घरांवर नंबर टाकायच्या कामाला मीच होतो. कारकून कुंचल्यानं उर्दू आकडे काढायचा, मी डांबराचं डबडं धरायचो. शेटच्या वाड्याला नंबर पडला. दुकानाला पडला. येशीजवळ त्याचा गोठा हाय, तिथं एक म्हैस सोडून कुणी ऱ्हात न्हाई. गोठ्यालाबी पडला. येस आली तसा कारकुनानं कुंचला झटकला, म्हणला, "हो गया काम."

"साहेब, पलीकडं आमची घरं हायती," मी म्हणलो.

"वो नक्शे में नहीं."

आन गेला की निघून.

त्या दिवशी मी म्हशीवर जळलो. शेटच्या पोराचा हेवा तर मला ल्हानपणापासून. त्याची शाळा, त्याचं करकरीत पायताण, बापाच्या वयाच्या गड्याला त्याचं अरे-तुरे, समद्यावर जळायचो आन गुमान गिळायचो. हे काय गिळता येईना. माज्या बापानं बांधलेलं घर, आई दर सणाला सारवती, आन नंबर म्हशीला.

डबड्यात डांबर उरलं होतं. गोठ्यावरचा आकडा समोर दिसायला होता, तोच बघून बघून माज्या भिताडावर काढला. मला वाटलं, आकडा म्हणजी आकडा. एका घराचा दुसऱ्याला चालत न्हाई, हे कुणी सांगितलं होतं मला?

चावडीत मुन्शीनं मला बाजूला सारलं. मग शेटचा पोरगा पुढं झाला. मुन्शीनं नंबर इचारला. त्यानं गोठ्याचा सांगितला. ऱ्हातो वाड्यात, झोपतो गादीवर, आन मत देतो गोठ्यातून. मुन्शीनं मान वर करूनबी बघितलं न्हाई. त्याला कुणी हसलं न्हाई. मी दारात उभा ऱ्हाऊन बघायलो होतो.

दिवस मावळायला शेटचा गडी घरी आला. "शेटनी सांगितलंय, नंबर खरवडून काढ."

आई म्हणली, "काढ रं बाबा. त्यायच्याच रानात आपलं पोट हाय."

"न्हाई काढत," मी म्हणलो. शेटच्या माणसाला आमच्या घरातून न्हाई हा शबुद पहिल्यांदा गेला. दुसऱ्या दिवशी रानातलं काम सुटलं.

वस्तीत एक म्हातारा हाय, पलटणीत चाकरी केलेला. त्याला उर्दू आकडे येतात. त्याच्या दारात बसून शिकलो. मग जुना आकडा डांबरानं बुजवून गोठ्याच्या पुढचा आकडा माज्या घराला टाकला, त्याच्या पुढचा शेजाऱ्याला, आन तसाच शेवटच्या झोपडीपस्तोर गेलो.

खोटे नंबर हायती म्हणतात. असू द्या. पुढच्या निवडणुकीला मी एकटा जाणार न्हाई, समदी वस्ती घेऊन त्या मेजापुढं उभा ऱ्हाणार. हसायचं त्यांनी पोटभर हसावं. आमचं मत घेतल्याबिगर त्या चावडीत शेटच्या पोरालाबी मत देऊ देणार न्हाई.