गुलमोहराच्या बुडाचा कान

छत्रीमास्तर, तुम्हाला पत्र लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला डोकं फिरलं. चौकशीचा कागद मी वाचला. ‘झाडावर रोगाचे कोणतेही बाह्य लक्षण नव्हते. माळ्याने वेळीच कळवले नाही.’ वा रे वा! हे वाचून तुम्ही गप्प बसलात, मी बसणार नाही. चार लोकांना कळावं म्हणून आता तुमच्याविषयी तिऱ्हाइतासारखं सांगते. कुठे चुकलं तर खुशाल म्हणा, बाई, थापा मारू नका.

हा माणूस इस्पितळाच्या आवारात एकतीस वर्षं माळी. पावसाळ्यात झाडांखाली उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्र्यांपुढे तासन्‌तास उकिडवा बसायचा, म्हणून वॉर्डबॉयांनी नाव पाडलं छत्रीमास्तर. घरी बायकोही सोडायची नाही. “अहो, न्हाणीघराच्या भिंतीला बुरशी चढलीय. तिचीही नाडी बघा की एकदा!”

पण नाडी त्याला खरंच कळायची. छत्री दिसली की तो आधी खालची माती उकरायचा. कुजका पाला, जुनं लाकूड लागलं की म्हणायचा, “हे झाडूवाले. मेलेलं खातात, जित्याला हात लावत नाहीत.” निलगिरीखालच्या तपकिरी छत्र्यांना तर कुणाचा पाय लागू द्यायचा नाही. त्यांचं मुळांशी साटंलोटं, त्या झाडाला पाणी पोचवतात, झाड त्यांना पोसतं. त्याला धास्ती एकाच गोष्टीची. खोडाच्या अगदी बुडाशी फुटणारा बुरशीचा आडवा कान, लाकडासारखा कडक, वरून वार्निश मारल्यासारखा लालसर. तो आला म्हणजे झाड आतून कुजतंय, मग शेंडा कितीही हिरवागार असो.

असा कान बाह्यरुग्ण विभागासमोरच्या गुलमोहराला यायचा. आणि त्या गुलमोहराखाली बाक. रोग्यांचे नातेवाईक सकाळपासून त्यावर बसलेले.

उद्यानाचे साहेब फेरीला आले. निलगिरीखालच्या छत्र्या बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला. “रोग लागलाय याला. तोडा.”

“साहेब, हे ठणठणीत आहे. तोडायचाच तर तो गुलमोहर तोडा.”

“फुलांनी लगडलेला? मास्तर, डोळे तपासून घे. इस्पितळातच आहेस, फुकटात होईल.”

सगळे फिदीफिदी हसले. दोन दिवसांत निलगिरी आडवी. बुंधा घट्ट, एक डाग नाही. तो दाखवायला माळी धावला, तर साहेब मीटिंगमध्ये. अशा माणसांच्या मीटिंगा कधी संपतात हो?

गुलमोहराचा पुरावा मात्र माळ्यापाशी नव्हता, कारण तो त्यानेच खरवडला होता. वरिष्ठांच्या तपासणीआधी दरवर्षी सगळी खोडं छातीच्या उंचीपर्यंत चुन्याने रंगवायची, असा हुकूम. चुना सारखा बसावा म्हणून तो खुरप्याने कान काढायचा. अकरा वर्षं! काढला की झाड सुटलं, असंच आधी त्यालाही वाटायचं. मग साहेबांच्या त्या फेरीच्या थोडं आधी खोडावर लाकडी हातोडा मारला तर आवाज बद्द आला. बुडाशी सळई लावली, ती भिजल्या पुठ्ठ्यात जावी तशी वीतभर आत गेली. त्या दिवशी तो जेवला नाही.

पुढच्या तपासणीला त्याने तेवढं झाड रंगवलं नाही. बुडाशी कुंड्या रचून कान दडवला, वाढू दिला. तळहाताएवढा झाल्यावर साहेबांना हाताला धरल्यासारखं आणलं.

“लेखी आण. तज्ज्ञाचं,” साहेब म्हणाले.

“सळई आत जातेय साहेब, नुसतं बघा तरी.”

“मी काय आता सळया खुपसत फिरू?”

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यांनी कुंड्या हलवल्या, उरलेला कान खरवडला आणि चुना फासला. उरलेला म्हणते, कारण अर्धा आदल्या संध्याकाळीच मास्तराने तोडून घेतला होता. वर्तमानपत्रात गुंडाळून तो घेऊन आला इस्पितळासमोर राहणाऱ्या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिकेकडे. म्हणजे माझ्याकडे.

“बाई, हे काय आहे एवढं तुमच्या कॉलेजातलं कुणी लिहून देईल का?”

“देईल म्हणजे काय! विभागप्रमुख माझी विद्यार्थिनी आहे. समोर बसवून सही घेते.”

“जरा लवकर बघा.”

“सोमवारी जाते.”

तोवर तो रोज बाक उलटा करून ठेवायचा. लोक रोज सुलटा करायचे. परिचारिका खेकसली, “मास्तर, आजाऱ्यांच्या माणसांना उन्हात उभं करता?” झाड पडेल म्हणून सांगितलं तर म्हणाली, “तुमचं काहीतरीच.”

एका गुरुवारी भर दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, गुलमोहर मुळासकट आडवा झाला. मुळं कसली, ओला भुसा. बाकावर मुलाच्या रिपोर्टची वाट बघणारी एक बाई होती. तिचं माकडहाड आणि मांडी मोडली. आता काठी घेऊन चालते. साहेबांनी तो बुंधा संध्याकाळच्या आत ट्रकमधून हलवला, आणि मास्तराला निलंबित केलं. निवृत्तीला सात महिने उरले असताना! चौकशीत त्याला विचारलं, लेखी काय आहे? तो म्हणाला, काही नाही. माझं नाव त्याने घेतलं नाही.

तो गुरुवार आला दुसऱ्या सोमवारनंतर. पहिल्या सोमवारी ऊन फार होतं. दुसऱ्या सोमवारी नळ दुरुस्त करणारा येणार होता, तो आलाच नाही. कॉलेज माझ्या घरापासून बसने तीन थांबे. पुडी अजून फ्रिजवर आहे, मास्तर, मी तिची सुतळीही सोडलेली नाही.