हिरडीवरची रेघ

देवपूजा मी घरच्यांच्या समाधानापुरती केली, आणि भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी आतल्या खोलीत जाऊन पुस्तक उघडत असे. मी रसायनशास्त्राची पदवीधर. न उलगडणाऱ्या गोष्टीला चमत्कार म्हणण्याची माझी तयारी नव्हती, आजही नाही. लिहिण्याचे धाडस निवृत्तीनंतर प्रथमच करते आहे, तेव्हा काही चुकल्यास वाचकांनी सांभाळून घ्यावे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीजवळ एका कामगार दवाखान्यात मी प्रयोगशाळा सहायक होते. नामांतर आंदोलनाचे दिवस होते. शहरात नवे कारखाने उभे राहत होते, आणि तेच शहर वरचेवर बंदही होत होते.

सोपान गंगापूरकडचा. मेंढरे विकून बॅटरीच्या कारखान्यात लागलेला. शिसे वितळवण्याच्या शेडमध्ये काम करता करता त्याच्या पोटात पीळ पडू लागला आणि उजवे मनगट इतके लुळे पडले की पेला धरता येईना. आजार कामामुळे झाला असे ठरले, तरच भरपाई मिळणार होती. कंपनी म्हणत होती, तो पॅकिंगला होता, शेडमध्ये कधी गेलाच नाही. आणि शेडच्या हवेत काय उडते, हे तिने कुणालाच सांगितले नव्हते — कामगारांना तर नाहीच.

शिसे अंगात भिनले की हिरड्यांच्या कडेला निळसर-काळी रेघ उमटते. सोपान प्रथम आला तेव्हा ती मी पाहिली होती. मेंढरांमागे धावताना पडून त्याचा खालचा एक दात फार पूर्वीच गेला होता. तेवढ्या जागी रेघ तुटलेली होती. पण तपासणी आपल्या माणसासमोरच व्हावी, असा कंपनीचा आग्रह होता, आणि ठरलेल्या दिवशी बंदमुळे त्याच्या गावाहून एसटी निघालीच नाही.

पुढच्या तारखेला सोपान आला, तेव्हा त्याच्या तोंडात एकही दात नव्हता.

"कंपनीच्या डाक्टरनं उपटले," त्याची बायको रखमाबाई म्हणाली. "किडके दातच पोटात जहर सोडत्यात म्हनले. फुकट उपटून दिले. आमाला वाटलं, लई भला मानूस."

दात गेले की रेघही जाते.

आमचे डॉक्टर हिरड्या चाचपत होते, मी टॉर्च धरला होता. सुजलेले मांस, खड्ड्यांत साचलेला पू, आणि तो वास... शेजारी कंपनीचे पर्सोनेल ऑफिसर रुमालाने नाक दाबून हसत होते.

"रेघ नाही," डॉक्टर म्हणाले. रक्ताचा नमुना तपासायला बाहेरगावी पाठवावा लागे, आणि हिरडीवर खूण दिसल्याशिवाय ते पाठवत नसत.

"व्हती ना साहेब," सोपान बोळक्या तोंडाने म्हणाला. "ह्या बाईंनी बघितली."

"होती, सर," एवढेच माझ्या तोंडून निघाले.

"बाईंचा चष्मा बदलायला झालाय," ऑफिसर म्हणाले. मग त्यांनी पुरावा म्हणून आणलेली गुळाची पुडी सोडली. "आमच्याकडे धूळ नाहीच. उलट शिफ्ट सुटताना प्रत्येकाला हा गूळ देतो. गुळानं धूळ धुऊन निघते."

"धूळ नाय, तर धुता काय?" रखमाबाईने विचारले.

शेडपाशी हात धुवायला नळही नव्हता. राखाडी झालेल्या हातांनीच कामगार तो गूळ खात, बोटे चाटत. आणि कंपनी त्याला कामगार कल्याण म्हणत असे.

ऑफिसरांनी एक खडा तोंडात टाकला. "हाच गूळ मी खातो, त्याच आवारात रोज वावरतो. हे घ्या, बघा माझं तोंड."

मी सवयीने टॉर्च वळवला. दातांना चिकटलेला गूळ, लाळेची तार... आणि खालच्या हिरडीवर कडेकडेने निळसर-काळी रेघ. साहेबांचे दात अख्खे होते. तरीही ती एका ठिकाणी तुटली होती — सोपानची तुटली होती, तिथेच.

डॉक्टरांनी कापसाने पुसले. स्पिरिट लावून पुन्हा पुसले. रेघ हलली नाही.

ऑफिसरांनी आरसा मागितला. "माझं रक्त घ्या," ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता."

इतके दिवस रक्त पाठवणे अडले होते; साहेबांचा नमुना तासाभरात रवाना झाला. त्याच डब्यात सोपानचाही गेला, कारण मी तो न विचारता काढून ठेवला आणि कुणी हरकत घेतली नाही.

सोपानच्या रक्तात शिसे भरपूर निघाले. साहेबांच्या रक्तात नावालाही नाही. त्यांची हिरडीही पुढच्या आठवड्यात स्वच्छ होती. पुडीतला उरलेला गूळ मी स्वतः तपासला. तो साधा गूळ होता. डॉक्टर म्हणाले, टॉर्चची सावली असेल. सावली स्पिरिटने पुसायला गेलेले डॉक्टर मी त्या दिवशी पाहिले होते.

"साहेबाच्या तोंडात गेलं तवा डाक्टरला दिसलं," रखमाबाई एवढेच म्हणाली.

कामामुळे झालेला आजार म्हणून निकाल लागला, तेव्हा सोपानने दवाखान्यात गूळ वाटला. स्वतःचा खडा तो हिरडीवर ठेवून विरघळवत होता, हसत होता. कारखान्यातही गूळ वाटणे चालूच होते, हे त्यानेच सांगितले. मी माझा खडा पदराआड धरला आणि नंतर बेसिनमध्ये टाकला. हात मात्र बराच वेळ धूत राहिले.

ती रेघ तिथे कशी उमटली, मला आजही सांगता येत नाही. गूळ मी त्यानंतर खाल्लेला नाही.