कॅप्टनचा चहा

ओमानमधल्या दुक्मची ती आग आठवली की डोळ्यांपुढे आधी येतं ते मी कधीही न पाहिलेलं एक घर. कुडाळकडच्या वाडीत बाप सुपं-रोवळ्या विणायचा, आई काजू सोलून बोटं काळी करून घ्यायची. मुलगा आयटीआय करून ओमानला इलेक्ट्रिशियन झाला, तेव्हा कुठे घरावर पक्कं छप्पर आलं. माझे वडील हमाल होते, घरातला पहिला पदवीधर मी. अशा घराची किंमत मला कुणी शिकवायला नको.

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मी दुक्मच्या एका प्रकल्पावर कॅम्पचा सुरक्षा अधिकारी झालो होतो. एका दुपारी चिनी कामगारांच्या वस्तीतलं गोदाम जळालं. माणसं वाचली. पण सकाळीच तिथली वायर बदलून हा कुडाळचा मुलगा गेला होता.

मॅनेजर म्हणाला, "शॉर्टसर्किट. खलास. त्याला घरी पाठवा."

मुलगा रडवेला झाला. "साहेबांनु, देवाची आण, माझ्यामुळे आग लागूक नाय. ह्यो डाग घेऊन घराक कसो जाव?"

मी पंचनामा केला. भिंतीवरचा विजेचा बोर्ड जळालाच होता, पण सर्वांत खोल जळालेली जागा कोपऱ्यात, फरशीवर होती. आग खालून चढली होती. मेसचा वसईचा सुपरवायझर कानाशी लागला, "सर, धुराच्या आधी उदबत्तीचा वास येत होता. माझं नाव घेऊ नका हां."

दुभाषा बसवून मी एकेका चिन्याला उलटसुलट विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच, माहीत नाही.

बी.ए.ला माझा इतिहास होता. पूर्वेकडच्या वसाहतींत गोरे साहेब चिन्यांची भांडणं, लग्नं, मयतं त्यांच्यातल्याच एका मुखियावर सोपवत. त्याला कॅप्टन म्हणत. साहेबाला कर आणि शांतता मिळाली की पुरे. आमच्या कंपनीचीही तीच तऱ्हा होती. वस्तीतला एक वयस्क फोरमन सगळं बघायचा, आणि मी त्याला थट्टेनं 'कॅप्टन' म्हणायचो. त्याच्याकडे गेलो आणि मुलाच्या घरची हकीकतही सांगितली.

तो हसला आणि आखातात शिकलेल्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "तुम पूछेगा, सब चुप. मैं चाय रखेगा."

त्यांच्यात चुकलेला माणूस सर्वांसमोर समोरच्याला चहा देतो. तो प्यायला की वैर मिटतं. कॅप्टननं मेसमध्ये सगळ्यांना जमवलं, आमच्या मुलाला मध्ये बसवलं, पुढे किटली आणि रिकामा कप ठेवला. "ये लडके का बाप टोकरी बनाता है," एवढंच आधी हिंदीत, मग त्यांच्या भाषेत बोलून तो खाली बसला.

मग एक सुतार उठला. त्यानं चहा ओतला आणि दोन्ही हातांनी कप पुढे केला. दुभाष्यानं त्याचं बोलणं सांगितलं: उदबत्ती लावून मृतांच्या नावानं कागद जाळतात, तसे त्याला आईच्या श्राद्धाचे जाळायचे होते, बाहेर वाऱ्यापुढे काडी टिकेना, म्हणून तो गोदामाच्या कोपऱ्यात शिरला होता, आणि मागे ठिणगी राहिली.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पी रे."

कॅप्टन स्वतः मॅनेजरपुढे उभा राहिला. "जलाने का जगह मैं नहीं दिया. गलती मेरा." सुतार ताकीद देऊन सुटला, आणि वस्तीमागे असे कागद जाळायला आडोशाची भिंत बांधली गेली.

साहेब मुखिया नेमू शकतो, पण त्याचा शब्द त्याच्या माणसांनीच मानावा लागतो. खात्यात मी पुष्कळ अधिकारी पाहिले, पण आवाज न चढवता कबुली घेणारा हा एकच.

तो मुलगा दुक्ममध्येच राहिला. आज तो सुपरवायझर आहे, आणि त्याची धाकटी बहीण त्या घरातली पहिली पदवीधर झाली आहे.