हमीदभाईंचं खत

हमीदभाई गेल्याची बातमी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली आणि पाठोपाठ हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. ज्यांनी या माणसाला कधी घरात बसा म्हटलं नाही, ते ‘पर्यावरणाचा सच्चा सेवक हरपला’ असं लिहीत होते... किळस आली. त्या रांगेत माझेही हात होते.

हमीदभाई मूळचे इंदापूरचे. बारामतीत आमच्या सोसायटीमागे त्यांचं भाजीचं दुकान होतं. न खपलेल्या भाजीपाल्याचं खत करण्यात त्यांची हयात गेली. तरी आम्ही ओल्या कचऱ्याचा हौद बांधला तेव्हा त्यांना विचारावं असं कुणाला वाटलं नाही. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, मोबाइलवर दोन व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालेले. महिन्याभरात हौदातून आंबूस घाण सुटली, तर त्यांनी वर चुन्याची पोती रिकामी केली. हमीदभाई आपण होऊन आले.

“डोळं चुरचुरत्यात न्हवं? खताचा कस हाय त्यो, चुन्यानं हवेत चाललाय,” ते म्हणाले. “चुना बास करा. उसाचं पाचट घाला, जुनं खत मिसळा, खालीवर करा. हवा खेळली की आंबटपणा जातुय, आन् कस बी हितंच ऱ्हातुय.”

“तुम्ही भाजी विका,” अध्यक्ष म्हणाले. सगळे हसले. मी सोसायटीचा सचिव, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस... मीही हसलो.

वास असह्य झाल्यावर मीच त्यांना बोलावलं, तेही मागच्या फाटकातून. काटेवाडीहून पाचट आणून ते पंधरा दिवस एकटे राबले. हौदातून झिरपणारं काळं पाणीसुद्धा वाया जाऊ न देता पुन्हा ढिगावर ओतायचे. पुढे खत तयार झालं, समारंभ झाला, फलक लागला. त्यावर अध्यक्षांचं नाव आणि माझं. मजकूर मीच लिहिला होता. हमीदभाईंनी तो सावकाश वाचला. “अक्षर झ्याक हाय, सर,” एवढंच म्हणाले.

शोकसभेत अध्यक्षांनी सांगितलं की हमीदभाईंना खताची गोडी आपणच लावली. लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर पडलो. खरं सांगायची हिंमत तेव्हाही झाली नाही.

तसाच हमीदभाईंच्या घरी गेलो. शमीमभाभी परसात उभ्या होत्या. “जायच्या आधी रचलेला ढीग हाय त्यांचा,” त्या म्हणाल्या. “आतनं अजून ऊन हाय बघा.”

मी मनगटापर्यंत हात आत घातला. कचऱ्याला असा हात मी पहिल्यांदाच लावत होतो. आत चांगलीच ऊब होती...

“ढीग खालीवर करायला झालाय,” भाभी म्हणाल्या. “आता करणार कोन?”

मी बाह्या वर केल्या.